साबणाच्या डबीचं झाकण

“आई, इकडे या जरा. तुम्हीही बघा.”

जावयांची हाक आली तेव्हा मी वैजूची वेणी घालत होते. पेड तसेच सोडून आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

श्रीरंगराव फरशीवर मांडी घालून बसले होते. भांडी धुण्याच्या मशीनचं दार समोर आडवं पाडलेलं, हातात बॅटरी. त्या दाराच्या आतल्या अंगाला साबणाची पावडर भरायची एक छोटी डबी असते. पावडर घालून झाकण दाबून लावायचं, आणि मशीन अर्ध्यावर आलं की ते आपोआप उघडतं. श्रीरंगरावांनी झाकण बोटानं उघडलं. आत पावडर जशीच्या तशी होती, भिजून खडीसाखरेसारखी घट्ट झालेली.

“ही कालची पावडर. झाकण पुन्हा उघडलं नाही. ताटांना हात लावून बघा, तेल तसंच आहे.” त्यांनी वळून वैजूकडे बघितलं. “काल तूच भरलीस ना?”

“हो.”

“डबी कोरडी होती?”

“पुसली होती मी.”

“पुसली होतीस, की पुसली होती असं वाटतंय?”

वैजूनं माझ्याकडे बघितलं नाही. “वाटतंय,” ती म्हणाली.

“बघा,” ते मला म्हणाले, आणि हसले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. काल काय जेवले ते आठवत नाही अशा वयाला मी आले आहे, पण ते हसू मला आठवतं. त्यात राग अजिबात नव्हता. श्रीरंगरावांचा आवाज कधी चढायचा नाही. लग्न ठरवताना आम्हाला तेच तर आवडलं होतं. मुलगा शांत आहे, असं आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

मी वाईहून पुण्याला आले होते ती लेकीला न्यायला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्यात ओटी भरून मुलीला आणायचं. एकदा आठवा लागला की तिनं वेस ओलांडायची नाही. वैजूचा सातवा संपत आला होता आणि जावई फोनवर नुसतं ‘बघू’ म्हणत होते. वैजूला द्या म्हटलं की ती झोपलेली असायची. शेवटी कोणाला न विचारता मी एसटीत बसले. ह्यांचे गुडघे धरलेले, म्हणून एकटीच.

आले त्या संध्याकाळीच मी विषय काढला होता.

“घेऊन जा की,” श्रीरंगराव म्हणाले. “तुमचीच मुलगी आहे. फक्त या मशीनचं एवढं मार्गी लागू दे.”

“मशीनचा आणि बाळंतपणाचा काय संबंध?”

“आहे ना. बिघाड मशीनमध्ये आहे की वापरणाऱ्या माणसात, ते आधी कळायला हवं. साधी डबी जिला भरता येत नाही, तिच्या हातात उद्या मूल द्यायचंय.”

“मग मेकॅनिकला बोलवा.”

“मेकॅनिक मशीन तपासेल, आई. बाकीचं कोण तपासणार?”

ते एका कारखान्यात तयार माल तपासण्याच्या कामावर होते. तिथं खोट निघालेला माल बाजूला काढायचे. घरातही त्यांची नजर तशीच फिरायची, हे मला दोन दिवसांत कळलं. पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला की ते तो उचलून खालचा ओला गोल वैजूला दाखवायचे. काही बोलायचे नाहीत, नुसतं दाखवायचे. आणि वैजू, माझी वैजू, धावत फडकं आणायची.

लग्नाआधी ती आमच्या गावच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळत होती. आम्लाच्या बाटल्या, काचेच्या नळ्या, सगळं तिच्या ताब्यात. हेडमास्तर म्हणायचे, वैजयंतीच्या हातून थेंब सांडायचा नाही. लहानपणीसुद्धा घाटावर धुणं धुवायला आली की ह्यांचं धोतर दगडावर अशी पसरायची, की एक सुरकुती दिसायची नाही. त्या मुलीला मी आता चहा गाळताना बघत होते. कप बशीवर ठेवताना दोन्ही हातांनी धरत होती, आणि तरी बशी वाजत होती.

त्या रविवारी सकाळी मी तिला बाल्कनीत नेऊन वेणी पुरी केली. घरातून मशीनचं दार उघडल्या-लावल्याचे आवाज येत होते.

“सगुणा येत नाही का गं आता?” मी विचारलं. सगुणा त्यांच्याकडे धुणंभांडी करायची. गप्पिष्ट बाई होती.

“तिला बंद केलं. मशीन आणलं ना.”

“आणि शेजारच्या पेंडसेबाई?”

“त्या जरा चौकस आहेत, असं श्रीरंग म्हणतो. मी हल्ली जात नाही.”

“मग ते कामावर गेले की तू दिवसभर करतेस काय?”

“असते घरात. दार बाहेरून लावून जातो तो.”

माझा हात थांबला. “बाहेरून?”

“अगं आक्का, त्याची काही चूक नाहीये.” आमच्याकडे सगळे मला आक्काच म्हणतात, माझी मुलंसुद्धा. “एकदा मी गॅस चालू ठेवून खाली गेले होते. तेव्हापासून लावतो.”

“खरंच ठेवला होतास?”

“आठवत नाही. पण चालू होता. त्यानं दाखवला ना मला.” मग ती हळूच म्हणाली, “माझ्या हातालाच काहीतरी झालंय. दिवस गेल्यापासून जास्तच. मी करते एक आणि होतं भलतंच. म्हणून बाळाला थोडे दिवस नलूताईंकडे ठेवायचं ठरलंय.”

नलूताई म्हणजे श्रीरंगरावांची थोरली बहीण. नागपूरला असायची.

“तुला ठेवायचं?”

“मला नाही. बाळाला. मी नीट होईपर्यंत.”

खालच्या बागेत पोरं आरडाओरडा करत होती. ऊन चांगलं पडलं होतं. वैजूनं हे असं सांगितलं, जसं कोणी सांगावं की दूध उतू जातं म्हणून पातेलं मोठं घेतलंय.

मी ट्रंकेतली हिरवी साडी काढून तिला नेसवली. ती ओटीसाठी आणली होती. न्यायला मिळो न मिळो, साडी तर नेसू दे, असं मी मनात म्हटलं. पदर पोटावरून नीट घेतला तेव्हा ती पहिल्यांदा थोडी हसली. “जड आहे गं,” म्हणाली.

“साडी की पोर?”

“दोन्ही.”

आतून हाक आली. “वैजू! चल, सुरू करू.”

श्रीरंगरावांनी मशीनबरोबर आलेलं पुस्तक ओट्यावर उघडून ठेवलं होतं. झाकण न उघडण्याची कारणं त्यात दिलेली होती. डबी ओली असणं, पावडर जास्त होणं, कडेला पाण्याचा क्षार साचणं, किंवा झाकणासमोर एखादं उंच भांडं येणं. डबी त्यांनी जुन्या टूथब्रशनं घासून लख्ख केली होती. आधी रिकामं मशीन लावलं. बऱ्याच वेळानं आतून ‘खट्’ असा आवाज आला. त्यांनी मशीन थांबवून दाखवलं, झाकण उघडलेलं होतं.

“म्हणजे मशीन ठीक आहे,” ते म्हणाले. “आता तू भांडी लाव. रोज लावतेस तशीच. आई, तुम्हीही थांबा.”

वैजू अवघडून खाली बसली. मी मुद्दाम तिच्या खांद्याशी उभी राहिले. खालच्या जाळीत तिनं एकेक भांडं लावलं. नाश्त्याच्या बशा, कढई, पातेली. मोठं जेवणाचं ताट तिनं पार मागच्या बाजूला टेकवून उभं केलं. डबीसमोर नुसत्या वाट्या होत्या. काम चोख होतं. पावडर भरली, झाकण दाबलं, दार लावलं.

“झालं? आता बाहेर बसा. बटण मी दाबतो.”

आम्ही बाहेरच्या खोलीत गेलो. माझी रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती. पाणी घ्यायला मी तशीच मागे फिरले. घरात मी अनवाणी होते, पावलांचा आवाज नव्हता.

श्रीरंगरावांची माझ्याकडे पाठ होती. मशीनचं दार उघडं होतं. त्यांनी खालची जाळी ओढली, मागचं मोठं ताट उचललं आणि पुढं आणून डबीच्या नेमकं समोर उभं केलं. जाळी आत सरकवली. मान जरा तिरकी करून बघितलं, फुलदाणी मांडून बघावी तसं. ताट किंचित डावीकडे घेतलं. मग दार लावलं आणि बटण दाबलं.

मी आले तशीच परत गेले. गोळी कोरडीच गिळली.

“काय झालं?” वैजूनं विचारलं.

“काही नाही. घशात अडकली.”

मशीन थांबल्यावर आम्हाला आत बोलावणं आलं. दार उघडलं. वाफ निवली. झाकण बंद होतं आणि ताट त्याच्या तोंडाशी टेकून उभं होतं.

“हे ताट इथं कोणी ठेवलं?” श्रीरंगरावांनी विचारलं.

वैजू ताटाकडे बघत राहिली. “मी मागं ठेवलं होतं बहुतेक.”

“बहुतेक?”

“म्हणजे… मीच ठेवलं असेल इथं.”

“असेल?”

“मीच ठेवलं.”

“शाब्बास,” ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. “बघितलंत ना, आई? मी तिच्यावर ओरडतो का कधी? मला फक्त तिच्या तोंडून ऐकायचं असतं.”

माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी वैजूचा चेहरा बघितला. मी बोलले असते तर तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं असतं. ते हसले असते. मग ती मला म्हणाली असती, आक्का, तुला लांबचं नीट दिसत नाही. आणि नंतर, मी वाईला परतल्यावर, त्या बाहेरून लावलेल्या दाराआड काय झालं असतं, याचा मला अंदाज करवेना.

जेवताना श्रीरंगरावांनी स्वतः मला वाढलं. “उद्यापासून आठवा लागतोय ना?” आमटी घालता घालता ते म्हणाले. “मग आता हलवणं नको. तुमची रीत मोडायला मी लावणार नाही. तुम्ही उद्या निवांत जा, मी स्टँडवर सोडतो.”

“बरं,” मी म्हटलं.

दुपारी मी रात्रीच्या पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली. परातीशी बसले की माझं डोकं चालतं, आयुष्यभराची सवय. श्रीरंगराव ओट्याशी उभे राहून पुस्तक वाचत होते.

“श्रीरंगराव,” मी म्हटलं, “एक सुचवू का? रागावणार नसाल तर.”

“बोला ना.”

“एकदा मी भरून बघते. भांडी तीच, पावडर तीच. माझ्या हातून उघडलं, तर माझीही समजूत पटेल. मग मीच वैजूला सांगेन, बाई, तू इथंच राहा, तुझ्या नवऱ्याचं ऐक.”

त्यांनी पुस्तक मिटलं. असं खुललेलं तोंड मी त्यांचं लग्नातही बघितलं नव्हतं. “हे मला सुचायला हवं होतं. नुसता माणूस बदलायचा! आणि उघडलं, तर मग शंकाच उरली नाही.”

“तेच म्हणते मी.”

मला ठाऊक होतं, या वेळी ते ताटाला हात लावणार नाहीत. या वेळी झाकण उघडायला हवं होतं ते त्यांनाच.

मी हात न धुताच उठले. मोदकपात्राचं झाकण सैल असलं की आमच्याकडे कडेनं कणकेची वळी दाबतात आणि वाफ आत कोंडतात. गरम लागलं की कणीक अशी बसते, की नंतर सुरीनं खरवडावी लागते. सुपारीएवढा गोळा मी मुठीत ठेवला होता. भांडी लावली. मशीनच्या दाराशी खाली बसले, पाठ त्यांच्याकडे केली, पावडर भरली, आणि तो गोळा बोटांनी चपटा करत झाकणाच्या आतल्या कडेला आणि ज्या खाचेत ते अडकतं तिथं कोंबला. झाकण दाबलं. बसलं.

श्रीरंगरावांनी वाकून वरून बोट फिरवलं. “बरोबर आहे,” म्हणाले. त्यांनी बटण दाबलं आणि मशीनला कान लावून फरशीवर बसले. “आता कोणी बोलायचं नाही. भांड्यांचा आवाज नको, खुर्ची सरकवायची नाही. ती ‘खट्’ मला स्वच्छ ऐकू यायला हवी.”

“आम्ही बाहेर बसतो गप,” मी म्हटलं.

बाहेर वैजू सोफ्याच्या काठावर बसली होती. मी माझी पिशवी घेतली. तिच्यात नारळ, खण आणि माझा बटवा होता. ट्रंक राहिली तर राहिली. तिच्या कानाशी लागून मी म्हटलं, “चल, खाली बागेतल्या गणपतीपुढं ओटी भरून घेऊ. तेवढं तरी करू दे मला.”

“श्रीरंगला सांगून येते.”

“बोलू नका म्हणालेत ना ते.”

ती घुटमळली. आतून मशीनची घरघर येत होती. मग तिनं चपला घातल्या. रविवार असल्यामुळे बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप नव्हतं, नुसती कडी होती. वाजू नये म्हणून मी पदर गुंडाळून ती उचलली. लिफ्टमध्ये ‘दार लावा’ असा बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज मोठ्यानं यायचा, म्हणून मी वैजूला जिन्याकडे वळवलं. कठडा धरून आम्ही हळूहळू उतरायला लागलो. तिला धाप लागत होती.

एक मजला उतरून वळणावर आलो आणि वरून हाक आली. स्वयंपाकघराची जाळीची खिडकी जिन्याच्या बाजूला उघडायची. आवाज इतका जवळ वाटला, की मला वाटलं ते मागंच उभे आहेत. पण ते घरातच होते आणि आम्हीही घरातच आहोत, असं धरून बोलत होते.

“वैजू! उघडलं गं! ऐकलंस ना? खट्कन उघडलं.”

मशीन अजून घरघरत होतं. वैजू जागच्या जागी थांबली.

“आईंनी भरलं तर पहिल्या झटक्यात उघडलं. ये, बघायला ये.”

“बघ,” ती पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते. “तू भरलंस तर उघडलं.” आणि तिनं एक पाऊल वरच्या पायरीवर ठेवलं. मी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, पण पाऊलही खाली घेतलं नाही.

“नाही उघडलं,” मी म्हटलं.

“तो सांगतोय ना.”

“सांगू दे. ते उघडणारच नाही. मी आत कणीक कोंबली आहे. कडेनं, खाचेत, सगळीकडे.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. नखांमध्ये पीठ वाळून बसलं होतं.

“कशाला?”

“ते ‘खट्’ची वाट बघत तिथंच बसून राहावेत म्हणून. तुला बाहेर काढायला.”

तिचे ओठ हलत होते, जणू मनातल्या मनात जुनं काहीतरी पहिल्यापासून लावून बघत होती.

“सकाळचं ताट,” ती म्हणाली, “मी मागं ठेवलं होतं?”

“मागं. टेकवून. मी बघत होते.”

“मग ते पुढं…”

“त्यांनी आणलं. तेही मी बघितलं.”

“आणि गॅस?”

“ते मला माहीत नाही गं बाळा. मी इथं नव्हते.”

“वैजू, येतेस ना?” वरून पुन्हा हाक आली. आवाज तसाच, शांत, प्रेमळ. “उघडलंय म्हणतोय मी.”

वैजूनं वर बघितलं नाही. वरच्या पायरीवरचं पाऊल तिनं खाली घेतलं. मग एका हातानं कठडा धरून, पोट सांभाळत ती वाकली, वाजू नयेत म्हणून दोन्ही चपला काढून हातात घेतल्या, आणि माझ्या पुढं होऊन जिना उतरायला लागली.